बिराजदार बाईंचं सायवान

बिराजदार बाई कुणाच्याही घरी गेल्या तरी अंगणातच बसायच्या. आत बोलावलं की म्हणायच्या, "इथं बरंय. हवा लागते." लातूरच्या मे महिन्यात, अंगणातल्या फरशीवर पाय ठेवला की चटका बसायचा, तेव्हाही त्यांचं हेच उत्तर. माझी बायको पहिल्यांदा फार दुखावली. "आपलं घर त्यांना चालत नाही का?" असं तिनं मला स्वयंपाकघरात येऊन विचारलं. मी तिला थोडक्यात सांगितलं. त्यानंतर बाई यायच्या म्हटलं की तीच आधी खुर्ची बाहेर नेऊन ठेवायची.

सांगण्यासारखं मला तेव्हा एवढंच माहीत होतं. बाई आमच्या कॉलेजात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायच्या, मी केमिस्ट्री. त्यांचं सासर निलंग्याच्या अलीकडं. गणपती विसर्जनाला म्हणून त्या गावी गेल्या आणि पहाटे भूकंप झाला. रुंद दगडी भिंती आणि वर मातीचं जाड माळवद, असं त्यांचं घर. बाई आणि त्यांचे यजमान दोघंही खाली सापडले. दुपारी लोकांनी उकरून काढलं तेव्हा बाई जिवंत होत्या. मुलगा शिवराज नांदेडला इंजिनिअरिंगच्या वसतिगृहात होता, म्हणून तो वाचला.

बाई गावातून लगेच परतल्या नाहीत. हाताचं प्लास्टर निघायच्या आधीच त्या बाहेरून आलेल्या डॉक्टरांच्या एका पथकाबरोबर काम करायला लागल्या. डॉक्टरांना आमची बोली कळत नव्हती. म्हातारी माणसं "जिवात जीव न्हाई", "छातीत कालवायलंय" म्हणायची, ते बाई त्यांना समजावून सांगायच्या. या पथकानं एक चाकांवरची खोली आणली होती. पत्र्याची लांबट पेटी, एक दार, दोन खिडक्या, टपावर उघडझाप करता येणारं झाकण आणि बाजूला गुंडाळून ठेवलेलं कापडी छत. हे छत बाहेर ओढून दोन दांड्यांवर ताणलं की गाडीसमोर ओसरीसारखी सावली व्हायची. पथक परत निघालं तेव्हा आमच्या रस्त्यांवरून ती पेटी ओढत नेण्यात अर्थ नाही असं त्यांना वाटलं. त्यांनी ती बाईंना दिली. बाईंनी एका ट्रॅक्टरला ती जोडली आणि लातूरला, औसा रस्त्याकडच्या भावाच्या मोकळ्या प्लॉटवर आणून उभी केली. लोक तिला डबा म्हणायचे. बाई गाडी म्हणायच्या. त्या कापडी छताला मात्र त्यांनी आपल्याकडचा जुना शब्द दिला होता, सायवान.

त्या तिथं राहायलाच लागल्या. काही दिवसांची गोष्ट आहे असं आम्हाला वाटलं.

कॉलेजात त्यांचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता. त्या वर जायच्या नाहीत. प्राचार्य समंजस होते, त्यांनी मैदानातल्या सायकलींच्या शेडमध्ये फळा लावून दिला. पोरं सायकलींच्या मधे बसून प्रकाशाचं अपवर्तन शिकली. पण जानेवारीत सराव परीक्षा आली आणि पर्यवेक्षणाला माणसं कमी पडली. बाई स्वतःहून म्हणाल्या, "जाते मी. किती दिवस असं चालायचं?"

मी शेजारच्या वर्गात होतो. पेपर सुरू होऊन तास झाला असेल. खालून रस्त्यावर रोलर जायला लागला. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. इतक्यात बाजूच्या वर्गातून बाईंचा आवाज आला. इतका मोठा आवाज मी त्यांच्याकडून कधी ऐकला नव्हता.

"उठा! पेपर ठेवा! भाईर पळा, भाईर!"

बाकं आपटली, पोरं जिन्याकडं धावली. एका वर्गाचं बघून दुसरे वर्ग उठले. जिन्यात एवढी रेटारेटी झाली की कठड्याला पोटाशी धरून मी कसाबसा उभा राहिलो. एक मुलगा पायऱ्यांवर पडला, त्याच्या अंगावरून दोघं-तिघं गेले, मग कुणीतरी त्याला दंडाला धरून वर उचललं. त्याचं मनगट सुजलं होतं. नशीब एवढ्यावर निभावलं. मैदानात पोरं धापा टाकत उभी होती आणि रोलर आपला शांतपणे पुढं निघून गेला होता.

प्राचार्य आले. सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, भूकंप झाला का?"

"न्हाई सर."

"मग?"

"मला वाटला."

त्यांनी काही कारण पुढं केलं नाही. त्या मुलाला रिक्षात घालून स्वतः दवाखान्यात नेलं, त्याच्या आईवडिलांची बोलणी खाली मान घालून ऐकली आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. मी समजूत घालायला गेलो तर गाडीच्या पायरीवर बसून तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "सर, रोलरसाठी मी पोरं पळवली. जिन्यात एखादं मेलं असतं तर? माझ्या भीतीचं वजन त्यांनी का उचलायचं?"

पुढं त्या त्याच प्लॉटवर शिकवायला लागल्या. लातुरात तेव्हा क्लासेसचं वारं सुटलं होतं. दहावी झाली की चाकूरहून, देवणीहून, पार नांदेडहून पोरं ट्रंका घेऊन यायची आणि मिळेल त्या खोलीत राहायची. डॉक्टर, इंजिनिअर, दुसरं काही बोलणंच नाही. बाईंकडं फार पोरं नसायची. सायवानाखाली मावतील तेवढीच त्या घ्यायच्या.

उन्हाळ्यात पत्र्याच्या पेटीत राहायचं म्हणजे काय, हे मी त्यांच्याकडं बघून शिकलो. गाडीची पाठ त्यांनी पश्चिमेला करून घेतली होती, म्हणजे दुपारनंतरचं ऊन पाठीवर यायचं आणि पुढं सायवानाखाली सावली राहायची. टपाला चुन्याचे हात मारले होते आणि वर ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या रचल्या होत्या. शेजारच्या देवणी जातीच्या गाईला ते कळलं तेव्हा ती रोज सकाळी मान उंचावून टपाचा कोपरा खायला यायची, आणि बाई आतून ओरडायच्या, "अगं, माझं घर खायलीस का?" पाठीच्या पत्र्यावर बारदानं लटकवलेली. ती ओली ठेवायची तर पाणी पाहिजे, आणि लातूरच्या नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसायचा. मग भाजी धुतलेलं, कपडे पिळलेलं पाणी त्या बादलीत साठवायच्या आणि दुपारी ऊन पाठीवर आलं की बारदानांवर शिंपडायच्या. टपाचं झाकण उघडं, खालची खिडकी उघडी. "गरम हवा वर जाते हे पुस्तकात शिकवतो ना आपण? मग तिला जायला वाट द्यायची," असं त्या पोरांना सांगायच्या.

सायवानाची शिस्त याहून कडक. एक कोपरा नेहमी खाली उतरता, म्हणजे पाऊस आला तरी पाणी साचून कापड फाटणार नाही. दोर सुती, भिजले की आवळतात, म्हणून आभाळ आलं की ते सैल करायचे. सायवान ताणलेलं ठेवून कुणी कुठं जायचं नाही. आणि वारा उठला की आधी सायवान गुंडाळायचं, पुस्तकं नंतर. पोरं हसायची. पुस्तक भिजलं तर वाळतं, एवढंच बाई म्हणायच्या.

शिवराज नांदेडहून सुट्टीला यायचा तेव्हा तिथं भांडण ठरलेलं. एकदा माझ्यासमोरच झालं. त्याला नांदेडलाच नोकरी लागली होती आणि त्यानं तिसऱ्या मजल्यावर घर भाड्यानं घेतलं होतं.

"अव्वा, माझे मित्र विचारतात, तुझी आई डब्यात का राहते म्हणून. मी काय सांगू?"

"सांग, तिला हवा लागते."

"हवा! हात लावून बघ त्या पत्र्याला. कातडं निघंल. एक दिवस चक्कर येऊन आत पडलीस तर कुणाला कळणार न्हाई."

"पोरं असतात ना."

"पोरं!" तो उठून उभा राहिला. "माझा बाप गेला, आता तूही गेल्यासारखीच. मला कोण हाय गं?"

बाईंनी माठातलं पाणी तांब्यात भरून त्याच्यापुढं धरलं. त्यानं ते घेतलं नाही. बराच वेळ त्यांचा हात तसाच पुढं होता. शेवटी त्यानं तांब्या घेतला, पण पाणी न पिताच खाली ठेवला आणि बस पकडायला निघून गेला.

संगीता त्याच सुमाराची. देवणीकडची, शेतकऱ्याची पोर, अबोल. ती क्लासेसच्या गल्लीत गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत आणखी तिघींबरोबर राहायची. एप्रिल संपत आला होता. एका दुपारी ती तासाला आली नाही. बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली, मग एका मुलीला घेऊन तिच्या खोलीकडं निघाल्या. मी त्या गल्लीतच होतो, त्यांच्याबरोबर गेलो. जिन्याच्या तोंडाशी बाई थांबल्या. वर जाणं त्यांना जमेना. मला म्हणाल्या, "सर, तुम्ही जा. लवकर जा."

खोलीत पंखा होता, वीज नव्हती. संगीता पुस्तकावर पडली होती, डोळे अर्धे उघडे, अंग चुलीसारखं तापलेलं आणि घामाचा टिपूस नाही. हाक मारली तर भलतंच बोलायला लागली. मी आणि तिच्या मैत्रिणीनं तिला उचलून खाली आणलं. बाईंनी रिक्षा थांबवून ठेवली होती. दुकानदाराकडून घागरभर पाणी मागून घेतलं होतं. स्वतःचा पदर भिजवून त्यांनी तिच्या मानेवर, काखेत दाबून धरला आणि दवाखान्यापर्यंत तिच्या तोंडावर वहीनं वारा घालत राहिल्या. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं.

दवाखान्यातून सुटल्यावर संगीता दिवसभर गाडीपाशीच अभ्यासाला बसायला लागली. बाईंनी तिला तसं सांगितलं नव्हतं. ती आली, आणि बाईंनी तिची सतरंजी सावलीच्या बाजूला सरकवली.

त्यानंतरच्या वर्षात बाईंच्या प्लॉटला लागूनच एका मोठ्या क्लासची इमारत उभी राहायला लागली. मजल्यावर मजला चढत गेला. बाईंना विचाराल तर त्या इमारतीनं सावली दिली आणि वारा नेला. मी त्या क्लासमध्ये शिकवायला लागलो होतो, खालचा मजला तयार झाल्याबरोबर तिथं तास सुरू झाले होते. मालकांनी बाईंनाही बोलावलं. तळमजल्यावर शिकवा म्हणाले. बाईंनी मान वर करून त्या तीन स्लॅबांकडं पाहिलं आणि नको म्हणाल्या.

जूनच्या पहिल्या दिवसांत गवंड्यांच्या हातून सेंट्रिंगची एक फळी निसटली आणि सायवानाच्या दांडीवर येऊन आदळली. दांडी वाकली. ती दुमडेना. बाईंनी तारेनं बांधून ती तात्पुरती उभी केली आणि लोहाराला निरोप धाडला. लोहार उद्या येतो म्हणाला.

त्याच दिवशी चारच्या पुढं आभाळ भरून आलं. मी तळमजल्यावर वर्गात होतो. औसा रस्त्याकडून धुळीची भिंत येताना खिडकीतून दिसली. मी बाहेर आलो तोवर बाईंकडं गडबड उडाली होती. सायवान गुंडाळत नव्हतं. वाकलेली दांडी अडकली होती, तार सुटत नव्हती आणि कापडाखाली वारा शिरून ते फुगायला लागलं होतं. ते फुगलं की गाडी एका अंगानं उचलली जायची आणि धाडकन खाली बसायची.

"सोडा ते! इमारतीत जा, सगळी आत जा!" बाई ओरडत होत्या. पोरं पळत आमच्या दारात शिरली. बाईंनी गाडीतून विळा आणला आणि दोर कापायला सुरुवात केली. एक दोर तुटला, सायवानाचं टोक चाबकासारखं फटकारलं. कडब्याच्या पेंढ्या उडाल्या. कुठला तरी पत्रा आमच्या डोक्यांवरून गरगरत गेला.

संगीता गेली नव्हती. ती दुसरी दांडी दोन्ही हातांनी धरून उभी होती.

"सोड ती दांडी! जा म्हणलं ना!"

"तुम्ही चला."

"मी येते मागनं."

"तुम्ही येत न्हाई. मला माहीत हाय. तुम्ही आल्याबिगर मी न्हाई जाणार."

मी त्यांच्याकडं धावलो, पण धुळीनं डोळे उघडेनात. बाईंनी एकदा इमारतीच्या दाराकडं पाहिलं. तो चेहरा मी विसरलेलो नाही. दवाखान्यात इंजेक्शनाच्या आधी लहान मूल बघतं तसा. मग त्यांनी विळा टाकला, संगीताचं मनगट पकडलं आणि डोळे घट्ट मिटून धावत सुटल्या. मी दुसऱ्या बाजूनं बाईंचा दंड धरला. दार कुठं आहे हे त्यांना आम्हीच दाखवलं.

आम्ही आत शिरलो आणि मागं मोठा आवाज झाला. सायवानानं गाडी ओढून आडवी केली होती. दांडी जिथं संगीता उभी होती तिथं जमिनीत रुतली होती.

बाई आतल्या भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. डोळे मिटलेलेच. वर तीन स्लॅब आणि त्यावर कोसळणारा पाऊस. त्यांचा श्वास इतक्या जोरात चालला होता की पोरं गप्प झाली. संगीताचं मनगट त्यांच्या मुठीत होतं, त्यावर वळ उठले, तरी तिनं हात सोडवून घेतला नाही. "बाई, पाऊस कमी व्हायलाय," असं ती मधूनमधून सांगत राहिली. पाऊस कमी होत नव्हता.

तो उघडला तशा बाई सगळ्यांच्या आधी बाहेर पडल्या. संध्याकाळी पोरं पांगल्यावर आडव्या गाडीच्या चाकावर त्या बसल्या होत्या, मी शेजारी विटांच्या ढिगावर. त्या आपणहून बोलायला लागल्या.

"सर, माळवदाखाली शिवराजचे वडील माझ्यापासून हातभर दूर होते. मधे दगड. दिसत नव्हते, आवाज यायचा. ते सारखं विचारायचे, उजाडलं का? अंधार होता ना. मी म्हणायची, उजाडायलंय, थोडं थांबा. परत विचारायचे. परत मी तेच. मग ते विचारायचे बंद झाले."

चाकाचा चिखल नखानं खरवडत म्हणाल्या, "ते बंद झाले तरी मी सांगतच होते. उजाडायलंय, उजाडायलंय. आज ती पोर मला तसंच सांगत होती. पाऊस कमी व्हायलाय म्हणून. खोटं."

"मग?"

"खोटं होतं, पण मी तेवढ्यावर उभी राहिले." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "म्हणजे त्यांनाही झाला असंल ना सर, थोडा आधार?"

मी हो म्हणालो.

बाई त्या दिवसानं बऱ्या झाल्या असं मी म्हणणार नाही. पुढचे काही आठवडे त्या भावाच्या अंगणात मच्छरदाणी लावून झोपल्या. गाडी सरळ करता आली, पण तिचा सांगाडा पिळला होता. शिवराज आला, त्यानं या वेळी भांडण केलं नाही. नांदेडला तळमजल्यावर, मागं मोकळं अंगण असलेलं घर त्यानं शोधून ठेवलं होतं. "अव्वा, आत झोप किंवा भाईर झोप. पण माझ्याजवळ झोप," एवढंच तो म्हणाला. बाईंनी त्याच संध्याकाळी कपडे बांधले.

मधे काही वर्षं गेली. कधी फोन, कधी कुणाकडून निरोप. त्यांनी नांदेडलाही शिकवायला सुरुवात केल्याचं कळलं. संगीताला मेडिकलला प्रवेश मिळाला नाही, ती नर्सिंगला गेली, आणि हे सांगताना बाई फोनवर नेहमीपेक्षा जास्त बोलल्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते नांदेडलाच, पण आमची भेट झाली नाही. मी एका लग्नाहून परत निघालो होतो. एसटी स्टँडबाहेर पडून क्लासेसच्या रस्त्याला लागली. शाळा-क्लास सुटायची वेळ, दोन्ही बाजूंनी वाहनांची रांग, कुणी कुणाला जागा देत नव्हतं. अचानक ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. सगळे पुढं आदळले. मी वाकून समोरच्या काचेतून पाहिलं. बसच्या ऐन पुढ्यात एक किरकोळ अंगाची बाई एक हात वर करून उभी होती. केस पांढरे झाले होते, साडी गुडघ्याशी किंचित वर खोचलेली. तिच्या पाठीमागून दप्तरं सांभाळत मुली रस्ता ओलांडत होत्या.

ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरला. बिराजदार बाईंनी त्याच्याकडं पाहिलंही नाही. त्या मुलींकडं बघत होत्या.

मी खिडकीतून हाक मारली, पण हॉर्नपुढं ती कुणाला ऐकू जाणार? मुली पलीकडं पोचल्याशा वाटल्या तशी ड्रायव्हरनं बस पुढं सरकवली. बाईंचा हात खाली आला नाही. एक मुलगी रस्त्याच्या मधोमध तुटलेली चप्पल हातात घेऊन उभी होती.

"आता काय झालं हिला?" ड्रायव्हर खेकसला.

"थांबा," मी जागेवरून उठून म्हणालो. "अजून एक पोर यायचीय."